जगायला गेलेल्यांची मुंबई

आमच्याकडे गाव सोडून जाण्याला एकच शब्द नाही. मुलगा शिकून कुठे चिकटला, तर तो ‘नोकरीला लागला’. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको ऊस तोडायला निघाले, तर ते ‘तोडीला गेले’. आणि एखाद्या घराला ऐन उन्हाळ्यात कुलूप दिसले, चूल गार, दावण रिकामी, म्हणून शेजारी विचारले, की उत्तर येते, ‘जगायला गेलेत मुंबईला.’ हा तिसरा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. तो उच्चारताना कुणाच्या आवाजात तक्रार नसते. पण जन्म झाला त्या जागी जगणे उरले नाही, एवढा मोठा कबुलीजबाब त्यात असतो. सरकारी कागदावर या तिघांनाही मिळून ‘स्थलांतर’ म्हणतात. तक्त्यासाठी तो शब्द सोयीचा आहे. त्यामुळे माणसे मोजता येतात, पण कोण का गेले आणि परत येणार की नाही, हे त्यातून कळत नाही.

हे पुस्तक मुंबईच्या वाढीविषयी आहे. मुंबईवर मराठीत कमी लिहिले गेले आहे असे कुणी म्हणणार नाही. बेटांची मुंबई, गिरण्यांची मुंबई, चाळींची, झोपड्यांची, टॉवरांची, सगळ्या मुंबया लिहून झाल्या. मात्र यातले बहुतेक लेखन शहराच्या दारात बसून झाले आहे. आत कोण आले, किती आले, गर्दी किती वाढली, हे तिथून नीट दिसते. मी या दाराच्या दुसऱ्या टोकाला, नळदुर्गात बसलो आहे. तुळजापूर तालुक्यातले, बोरी नदीकाठचे, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे हे गाव. इथून माणसे निघताना दिसतात. मुंबईच्या वाढीचा हिशेब या बाजूनेही मांडायला हवा, एवढ्यासाठीच मी लिहायला बसलो.

नळदुर्ग बाहेरच्यांना किल्ल्यामुळे माहीत आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरीवर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहायला पावसाळ्यात दूरदूरहून लोक येतात. नर-मादीच्या धबधब्यांपाशी उभे राहून फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आत निघून जातात. त्यांना ठाऊक नसते ते असे, की हे गाव स्वतःच एकेकाळी माणसे ओढून घेणारे ठिकाण होते. किल्ला म्हटला की शिबंदी आली, शिबंदीमागे बाजार आला, कारागीर आले. १८५३ च्या मे महिन्यातल्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या स्वाधीन केला, तेव्हा कॅप्टन मेडोज टेलर कारभार पाहायला आला तो नळदुर्गालाच. १८५७ मध्ये त्याची वऱ्हाडात बदली होईपर्यंत जिल्ह्याची सूत्रे इथून हलत होती. पुढे निजामाच्या राज्यातही नळदुर्ग हे जिल्ह्याचे ठाणे राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते ठाणे धाराशिवला गेले. कचेरी गेली, तिच्यामागे वकील, कारकून, दुकानदार गेले. शहर कशाने वाढते हे आम्ही मुंबईकडून शिकलो, पण कशाने आक्रसते हे आमच्या गावाने त्याआधीच अनुभवले होते.

१८५३ या सालापाशी मी नेहमी थांबतो. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, आणि पुढच्याच महिन्यात नळदुर्ग इंग्रजी अमलाखाली आले. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत पोहोचली. आमच्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत. आणि त्याच १८६० मध्ये इंग्रजांनी नळदुर्ग निजामाला परत दिले. रूळ जवळ आला आणि मध्ये सीमा उभी राहिली. पुढची जवळजवळ नव्वद वर्षे सोलापूर एका राज्यात आणि नळदुर्ग दुसऱ्या राज्यात होते. वाटेत करोडगिरीचे नाके, दरबारचे कागद उर्दूत, नाणेही वेगळे. इथल्या माणसाची नजर कामासाठी, दाव्यासाठी हैदराबादकडे असे. १८७७ नंतर सोलापुरात गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा मजुरीसाठी ती सोलापूरकडेही वळली. मुंबई फार लांब होती, आणि ती फक्त अंतराने लांब नव्हती.

या पुस्तकातले माझे म्हणणे इथूनच सुरू होते. माणूस कुठून निघाला याला महत्त्व आहेच, पण शहरात तो कधी पोहोचला यावर त्याला कोणती मुंबई मिळते हे ठरते. कोकणातला माणूस जहाजाने लवकर पोहोचला, साताऱ्याचा घाटी गिरण्यांच्या भरात पोहोचला. धाराशिव, बीड, जालन्याचा माणूस मोठ्या संख्येने पोहोचला तेव्हा गिरणीचा भोंगा बंद व्हायला आला होता.

आधी शहराचे आकडे पाहू, कारण त्यांच्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. मुंबई सतत वाढतच आली, अशी आपली समजूत असते. १८६४ च्या मोजणीत मुंबईत ८,१६,५६२ माणसे होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि शहरात पैसा वाहत होता. १८६५ मध्ये यादवी संपली, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. १८७२ मध्ये मोजले तर माणसे उरली ६,४४,४०५. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणूस शहरातून ओसरला. ही माणसे आपापल्या मुलखात परतली, कारण मुंबई हे त्यांच्यासाठी घर नव्हते, काम होते. पुन्हा १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला आणि लाखो लोकांनी शहर सोडले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली संख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. त्यानंतर शहर पुन्हा भरले. भरती-ओहोटीच्या शहराला हे वळण जुनेच आहे.

१९२१ ची जनगणना मला सगळ्यांत बोलकी वाटते. त्या वर्षी मुंबईत राहणाऱ्या शंभरातले ८४ लोक शहराबाहेर जन्मलेले होते. आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या जेमतेम सव्वापाचशे. या दोन आकड्यांमध्ये गिरणगावाची सारी राहणी येते. गाववाल्यांनी मिळून भाड्याने घेतलेली एक खोली, पाळीप्रमाणे झोपणारे पंधरा-वीस गडी, भिंतीला ओळीने टांगलेल्या ट्रंका, खानावळवाल्या बाईकडे महिन्याचा डबा, आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी पोस्टात मनीऑर्डरची रांग. बायका, म्हातारी माणसे, लहान मुले गावी. म्हणजे मुंबईचे अर्धे घर रत्नागिरी-साताऱ्यात होते. त्या अर्ध्या घराने शेती सांभाळली, आजारी पडून परतलेल्या गिरणी कामगाराला सांभाळले, संपाच्या दिवसांत त्याला धान्य पुरवले. गिरणीमालकाला पूर्ण कुटुंबाचा खर्च पगारात कधी मोजावा लागला नाही, कारण तो गाव सोसत होते. मुंबईच्या भरभराटीच्या इतिहासात ही रक्कम कुठेही नोंदलेली नाही. कोकणातल्या बायकांच्या नावावर ती जमा करायला हवी.

या सगळ्या काळात नळदुर्गाचे नाव मुंबईत कुठे नव्हते. आमच्याकडे काय चालले होते? १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने निजामाच्या हद्दीत शिरले, तेव्हा पहिली चकमक झाली ती नळदुर्गाच्या किल्ल्यापाशी. बोरीवरचा पूल सैन्याने ताब्यात घेतला आणि हैदराबादची वाट मोकळी झाली. आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात तो पूल वारंवार येई. पूर्वेची वाट मोकळी झाली हे इतिहासात लिहिलेच जाते. पश्चिमेचीही वाट त्याच दिवशी मोकळी झाली, हे मला फार उशिरा उमगले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि ज्या शहराशी आमचा कागदी संबंधही नव्हता ते आमची राजधानी झाले.

राजधानी झाली तरी लगेच कुणी उठून गेले नाही. माणसे हलवली ती १९७२ च्या दुष्काळाने. त्या वर्षी गावागावांत खडी फोडण्याची, पाझर तलावांची, रस्त्यांची कामे निघाली. रोजगार हमी योजनेचा जन्म त्यातला, पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. माणसाला गावातच हाताला काम द्यावे आणि शहराकडे जाणारा लोंढा थांबवावा, हा वि. स. पागे यांचा विचार मला आजही या राज्याने केलेल्या मोठ्या विचारांपैकी एक वाटतो. त्याने अनेक घरे तगवली, यात शंका नाही. पण ज्यांच्याकडे जमीन नव्हती, ज्यांना गावच्या विहिरीवर आणि गावच्या कामावर शेवटी उभे राहावे लागत होते, त्यांनी या दुष्काळात मुंबईची वाट धरली ती पुन्हा मागे न फिरण्यासाठी. भूमिहीन दलित कुटुंबे त्यात मोठ्या संख्येने होती. ती पूर्ण कुटुंबासह गेली. गावात अर्धे घर ठेवावे एवढे त्यांचे गावात काही नव्हते. कोकणातल्या माणसाच्या जाण्यात आणि यांच्या जाण्यात हा मूळचा फरक आहे, आणि ‘स्थलांतर’ या एका शब्दाखाली तो दडपला जातो.

ते पोहोचले तेव्हा गिरणगावातल्या खोल्या भरलेल्या होत्या. बदली कामगाराचा पाससुद्धा ओळखीवर मिळे, आणि ओळख जुन्या जिल्ह्यांची. मग चेंबूर, गोवंडी, मानखुर्दच्या खाजणात, घाटकोपरच्या वस्त्यांत, पुढे नव्या मुंबईच्या खाडीकाठी त्यांनी जागा धरली. दहा वर्षांत, १८ जानेवारी १९८२ ला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या सुरू झाल्याच नाहीत. म्हणजे आमच्या माणसाला फंड, ग्रॅच्युइटी, युनियन, पाळीची शिट्टी यांतले काहीच लाभले नाही. त्याला मिळाला तो नाका. सकाळी सातला डबा आणि घमेले घेऊन चौकात उभे राहायचे, मुकादम किंवा ठेकेदार बोट दाखवेल त्याने टेम्पोत चढायचे, दहापर्यंत कुणी नेले नाही तर घरी परतायचे. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या स्लॅबवर माल चढवायला हाच नाक्यावरचा माणूस होता.

आता पुन्हा आकड्यांकडे. १९५१ मध्ये विस्तारलेल्या बृहन्मुंबईत तीस लाखांच्या आसपास माणसे होती. फाळणीने उजाडलेले सिंधी आणि पंजाबी त्यात होते. १९७१ मध्ये ही संख्या साठ लाखांजवळ गेली, १९९१ मध्ये नव्व्याण्णव लाखांवर. चाळीस वर्षांत तिपटीहून अधिक. ‘मुंबई फुटणार’ ही भीती याच काळातली. परंतु २००१ मध्ये १,१९,७८,४५० आणि २०११ मध्ये १,२४,४२,३७३. दहा वर्षांत वाढ चार टक्क्यांहूनही कमी. ज्या शहराविषयी आपण आजही लोंढ्याच्या भाषेत बोलतो, ते शहर वाढायचे जवळपास थांबले होते.

त्याच जनगणनेतली आणखी एक गोष्ट मी वर्गातल्या मुलांना नेहमी सांगतो, आणि त्यांना ती आधी खरी वाटत नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्रात फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. मुंबई शहर जिल्ह्यात ३३,३८,०३१ माणसे होती, ती ३०,८५,४११ झाली. जिथून शंभर-दीडशे वर्षे माणसे निघाली ते गाव, आणि जिथे ती पोहोचली ते शहर, दोन्ही एकाच वेळी रिकामे होत होते. मग माणसे गेली कुठे? त्याच दशकात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेला आणि देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. पालघर त्यातून वेगळा झाला तो २०१४ मध्ये. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत मुलाचे लग्न झाले की एक कुटुंब डोंबिवलीला, पुढच्या पिढीत बदलापूरला किंवा विरारला जाई. दादरचा फ्लॅट विकून दोन भाऊ दोन उपनगरांत पांगत. चाळीच्या जागी जो टॉवर आला त्यात घरे मोठी आणि माणसे थोडी. शहर मेले नाही, ते लोकलच्या रुळांवरून बाहेर सरकले.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली. त्यामागे चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात मांडलेला विचार होता, की शहर उत्तरेकडे लांबण्याऐवजी खाडीपलीकडे पूर्वेला जावे. त्या विचाराला फळ यायला फार वर्षे लागली. आता २०२४ मध्ये अटल सेतू झाला आहे, उलवे-पनवेलकडे इमारतींचे सांगाडे उभे आहेत. आणि आमच्या बाजूने बसने निघालेला माणूस हल्ली दादरपर्यंत जातच नाही, कळंबोलीला उतरतो. सोलापूरहून रात्री सुटणाऱ्या सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये मी विचारत बसलो, तेव्हा कल्याणला उतरणारे पुष्कळ निघाले. तरुण पोरे तर मुंबईचे नावही क्वचित काढतात. त्यांचे गाव आता पुण्याकडचे हडपसर, चाकण, वाघोली. किनाऱ्यावरच्या शहराची ओढ ओसरते आहे, हे पुस्तकाच्या शेवटच्या भागात मी सविस्तर लिहिले आहे.

कधी पोहोचलात यावर मुंबई ठरते, असे मी म्हणालो. हे नुसते निरीक्षण राहिलेले नाही, मुंबईत त्याचा कायदाच झाला आहे. झोपडी अधिकृत धरायची की नाही, पुनर्वसनात घर द्यायचे की नाही, याला तारीख असते. आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, त्यानंतर सशुल्क पुनर्वसनासाठी १ जानेवारी २०११. २०११ मध्ये पन्नास लाखांहून अधिक मुंबईकर झोपडपट्टीत राहत होते. त्यांच्यातल्या प्रत्येकाला आपण कोणत्या तारखेच्या अलीकडे आहोत हे कागदाने सिद्ध करावे लागते. चार महिने गावी गेलेला, आईच्या आजारपणात वर्षभर नळदुर्गात राहिलेला, सर्वेक्षणाच्या दिवशी झोपडीला कुलूप लावून यात्रेला आलेला माणूस या कागदांत बसत नाही. आणि गावाकडेही त्याची गणती धड होत नाही. आपली जनगणना फेब्रुवारीत होते. त्या दिवसांत आमच्या तालुक्यातले कितीतरी कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, उसाच्या फडाशेजारी कोपीत असतात. २०२१ ची जनगणना तर झालीच नाही, पुढची २०२७ मध्ये आहे. सोळा वर्षांत कोण कुठे गेले याची नोंद सध्या फक्त लोकांच्या तोंडी आहे. या पुस्तकाला घाई झाली ती त्यामुळेही.

माणसाला एकच पत्ता असावा, हा आग्रह आला कुठून? आमच्या खंडोबाचेच पाहा. मूर्ती एक, घरे दोन. वर्षातला बहुतेक काळ देव अणदूरला, आणि हिवाळ्यातले काही आठवडे नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. देव न्यायला-आणायला दोन्ही गावांचे मानकरी जमतात, लेखी करार होतो, ठरल्या दिवशी पालखी निघते. देव कोणत्या गावचा, हा वाद पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतीने मिटवलेला आहे. तो दोन्ही गावांचा आहे, आणि त्याची दोन्हीकडे हजेरी लेखी आहे. दोन ठिकाणी जगणाऱ्या माणसासाठी अशी सोय करणे राज्याला अशक्य आहे, असे मला वाटत नाही. मजुराचे रेशन आता कुठल्याही राज्यात उचलता येते. तसेच मुलाच्या शाळेचे, मताचे आणि घराच्या हक्काचे का होऊ नये, हा प्रश्न मी या पुस्तकात वारंवार विचारला आहे. काही वाचकांना ती पुनरुक्ती वाटेल. वाटू द्या.

२०२० च्या टाळेबंदीतला उन्हाळा मी विसरू शकत नाही. महामार्गावरून पुण्या-मुंबईकडून माणसे चालत येत होती. काही इथेच थांबणारी, काही पुढे कर्नाटक-तेलंगणात जाणारी. जगायला गेलेली आमची माणसेही जगण्यासाठीच परतली होती, आणि त्यांना गावाच्या शाळेत चौदा दिवस वेगळे ठेवले होते. वेशीवर काट्या टाकणारे त्यांचेच चुलते-मावळे होते. भीती खरी होती, मी कुणाला दोष देत नाही. पण ज्या मनीऑर्डरींवर आणि फोनवरून आलेल्या पैशांवर गावची लग्ने झाली, बोअर पडली, ती पाठवणाऱ्याला गावात जागा नाही असे चार-सहा आठवडे तरी झाले. त्या दिवसांत शाळेच्या खिडकीतून मी बोललो त्या माणसांच्या हकीकती दुसऱ्या भागात आहेत. नावे बदललेली आहेत, बाकी काही बदललेले नाही.

गेल्या पौष पौर्णिमेच्या यात्रेला आमच्या गल्लीतले बंद घर चार दिवस उघडले. ठाण्याच्या, पनवेलच्या, पुण्याच्या नंबरांच्या गाड्या रस्त्याच्या कडेला लागल्या होत्या. घरधनी १९७२ मध्ये बापाच्या खांद्यावर बसून मुंबईला गेलेला, आता साठीकडे झुकलेला. जेवण झाल्यावर त्याने एक प्लॅस्टिकची पिशवी माझ्यापुढे रिकामी केली. नगरपालिकेच्या घरपट्टीच्या पावत्या, झोपडीचा फोटोपास, लाइटची बिले, गोवंडीच्या शाळेचा मुलीचा दाखला, बापाच्या नावचे जुने रेशनकार्ड, आणि अगदी तळाशी, घडीवर फाटत आलेला, आजोबांच्या काळातला एक उर्दू कागद, जो घरात कुणालाच वाचता येत नव्हता. तो घेऊन मी सोलापूरला एका जाणकारांकडे गेलो. पहिले प्रकरण त्या कागदापासून सुरू होते.